बूड बसवून होईपर्यंत

हंड्याचं बूड गळत होतं,
म्हणून सोनगीरला गेले. किल्ला पाहायला नव्हे.
आग्रा रोडवर उतरले तेव्हा ऊन
कपाशीच्या बोंडासारखं उकललेलं,
आणि गल्लीच्या तोंडापासूनच ठोके:
ठण् ठण्, मग एक मुका,
मग पुन्हा ठण्.

उखर्डू तांबटाने हंडा उजेडाला धरला.
बुडातून त्याच्या गालावर
मोहरीएवढा सूर्य पडला.
"दोन घंटा लागतीन, बाई.
तवलोंग किल्ला दखी या."
जणू किल्ला म्हणजे बाकडं,
गिऱ्हाइकाने टेकायला ठेवलेलं.

चढावर भुरा भेटला. वय नऊ, शेळ्या चार.
"दहा रुप्यामा आख्खा किल्ला दखाडस."
आख्खा म्हणजे एक दरवाजा, ज्याला दार नाही.
एक बुरूज, ज्यावर निवडुंग पहाऱ्याला.
एक चौथरा.
"आठे राजाना महाल व्हता. आठे राणी न्हाये.
आठे हत्ती बांधेत."
हत्ती? या चढावर?
"धाकला हत्ती व्हता," भुरा म्हणाला,
आणि मी आणखी पाच रुपये दिले.

राजाचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.
शाळेत पाठ होती सगळी, सनावळीसकट;
आता खानदेशचे सुलतान आठवायला गेलं
की रावेरच्या केळीचे भाव आठवतात.

मग विहीर.
पायऱ्या उतरत गेले तसे
हायवेवरच्या ट्रकांचे भोंगे
वरच राहिले, चपलांसारखे.
एकेक पायरी मधोमध झिजलेली.
राजे पाणी प्यायचे,
उतरायचं दुसऱ्याच कुणीतरी.
तळाशी हिरवं पाणी, तीन पायऱ्या बुडालेल्या,
चौथीवर एक बेडूक, सरदारासारखा.
मी पाचवीवर बसले.

आणि आधार आठवला.
आधार म्हणजे माझा भाऊ. बाकी नावापुरताच.
वाटणीत त्याला बेटावदची विहीर आली.
मी हक्कसोडीवर सही केली
आणि आईचा हंडा मागून घेतला.
विहीर त्याची, हंडा माझा.
बारा वर्षं कुणी कुणाला
पाणी विचारलं नाही.

त्या हंड्याच्या पोटाला एक पोचा आहे.
मी अकरा वर्षांची, तो आठचा,
भांडलो कशावरून ते आठवत नाही,
बहुतेक बोरांवरून.
मी हंडा फेकला. त्याचं कपाळ मध्ये आलं.
तांबं दबलं, कपाळ फुटलं.
आईने त्याला हळद लावली, हंड्याला चिंच.
पुढे हंडा कडेवर घेतला की तो खळगा
बरोबर कमरेच्या हाडावर बसायचा,
माप घेऊन केल्यासारखा.

"पानी खोल शे का रे?" मी भुराला विचारलं.
इतका वेळ त्याने हत्ती, राण्या, भुयारं सांगितली होती.
इथे मात्र त्याने खडा टाकला,
कान दिला,
आणि म्हणाला, "माहीत नही."

खाली आले तर उखर्डू हंडा पुसत होता.
नवं बूड, लालभडक, लाजल्यासारखं.
"पोचा बी काढी टाका, बाई.
त्याना पैसा नही."
हसला. दात तंबाखूचे, हात राखेचे.
मी काय बोलणार?
बुडाचे पैसे दिले. छान झालं, म्हटलं.

एसटीत हंडा मांडीवर.
बोटं त्याच्या पोटावरून फिरत राहिली.
खळगा नाही. त्या जागी हातोडीचे
तिळाएवढे ठसे,
आंधळ्यालाही मोजता येतील असे.
आता तो पोचा
फक्त आधारच्या कपाळावर आहे,
डाव्या भुवईच्या वर,
असलाच तर.

"नरडाणा! बेटावदवाले उतरा!"
कंडक्टरने घंटी ओढून धरली.
मी उठले. हंडा कडेवर घेतला.
तो काही केल्या
कमरेला बसेना.